पावलंवाल्यांची सून

"तू आजही बूट घरी आणलेस?"

"मग कुठे ठेवू? स्टुडिओतल्या कपाटाला कडी नाही. आणि उंदीर आहेत."

"उंदीर बूट खातात?"

"मला काय माहीत. माझं त्यांच्याशी बोलणं नाही."

"विनोद पुरे. आई परत नाही म्हणाली."

"ऑपरेशनला?"

"नाही, सहलीला! ऑपरेशनलाच. गुरुवार ठरलाय, आज सोमवार आहे. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? मोतीबिंदू पिकून दगड झालाय, आता टाळलंत तर नजर कायमची गेली समजा. आणि आई म्हणते, मला डोळे नकोत."

"त्यात माझा काय दोष?"

"तुझा काय दोष! दिवसभर माझ्या मेलेल्या बापाच्या चालीने चालतेस, संध्याकाळी त्याचे बूट पिशवीत घालून घरी आणतेस, आणि वर मलाच विचारतेस!"

"हळू. आत ऐकू जातंय."

"जाऊ दे. तिला तसंही जे नाही ते ऐकू येतंच आहे."

नवराबायको बाहेरच्या खोलीत समोरासमोर उभी होती. मध्ये टेबल, टेबलावर कापडी पिशवी, पिशवीत तपकिरी बुटांचा जोड. पिशवीचं तोंड उघडं होतं, आणि बोलता बोलता दोघंही त्या तोंडाकडे पाठ करायचं टाळत होती. आतल्या खोलीत सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. भांडण त्यांच्यावरूनच चाललंय हे त्यांना कळत होतं, पण त्यांचा कान भांडणाकडे नव्हता. मान किंचित वाकडी करून त्या पिशवी ठेवली होती त्या बाजूचं ऐकत होत्या.

आता या सुनेबद्दल सांगायचं, तर मुळात तिच्या चालण्याला आवाजच नव्हता, इथून सुरुवात करायला हवी.

तिचे वडील रात्रपाळीचे पहारेकरी. दिवसा झोपायचे. घर एका खोलीचं, पोरं चार. "पाय वाजला तर याद राखा," हा आईचा एकमेव मंत्र. बाकीची तिघं मार खाऊन शिकली. हिला मार खायची वेळच आली नाही. ती तळव्याच्या कडेवर वजन टाकून अशी चालायची की जमिनीला पत्ता लागू नये. शाळेत बाई हजेरीला हिचं नाव घ्यायच्या आणि मान वर न करता गैरहजेरी मांडायच्या. ही पहिल्या बाकावर बसलेली असायची.

लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. सासूबाई वळल्या आणि दुधाचं पातेलं थेट पायावर.

"अगं बाई, माणूस आहेस का सावली? खोकावं, खाकरावं, काहीतरी करावं!"

त्या दिवसापासून हिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलुपं घरात नव्हतीच. नुसत्या वाजण्यासाठी.

सासरे मात्र हरखले. "सूनबाई, जरा चालून दाखव," म्हणाले आणि चक्क फरशीला कान लावून आडवे झाले. ही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, परत आली. सासरे उठून बसले. "कमाल आहे. पंचवीस वर्षं मी पावलं विकतोय, आणि घरात आलेल्या लक्ष्मीकडे एकही नाही!"

ते खरंच पावलं विकायचे. सिनेमात माणसं चालताना दिसतात, पण चित्रण करताना त्यांची पावलं नीट ध्वनिमुद्रित होत नाहीत. मग नंतर, एका बंद खोलीत, समोरच्या पडद्यावर बघत कुणीतरी त्यांच्यासाठी चालावं लागतं. खोलीच्या जमिनीत वेगवेगळे चौकोन केलेले असतात: फरशीचा, लाकडाचा, खडीचा, मातीचा. मायक्रोफोन गुडघ्याएवढ्या उंचीवर. सासरे त्या चौकोनांवर उभ्या उभ्या राण्या, चोर, फौजदार, विधवा आणि भुतं चालायचे. नायक कुणीही असो, चालायचे हेच. सगळा धंदा त्यांना पावलंवाले म्हणायचा. त्यांचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली दारं उघडायचा, मिटायचा, कापडं सळसळवायचा, कपबश्या वाजवायचा. पुढेमागे पावलं त्याच्याकडे येणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं, आणि इतरांनीही.

हिने मात्र सोळा वर्षं एकच काम केलं. सासऱ्यांचं येणं ऐकलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवरच तिला कळायचं की स्वारी दमलीय का खुशीत आहे, कुणाशी वाजलंय का, चहात साखर किती घालायची. डावा गुडघा कुरकुरायला लागल्यापासून ते थांबले की मागे राहिलेला डावा पाय एका क्षणाने उजव्याशेजारी येऊन टेकायचा. टप. इतकं हळू, की ते फक्त त्या घरातल्या दोन बायकांनाच ऐकू यायचं.

सासरे गेले तेव्हा एका विनोदी सिनेमाचं काम अर्धवट होतं. गोष्ट गमतीची. हॉटेलात कपबश्या विसळणाऱ्या एका माणसाला, कधी तोंडही न पाहिलेल्या काकाचा बंगला वारशाने मिळतो. मृत्युपत्रात अट एकच: महिनाभर काकाच्या कपड्यांत, काकाच्या बुटांत, काकाच्या वेळापत्रकाने राहायचं. बूट मोठे, माणूस लहान, नोकरचाकर शिष्ट. पहिल्या रिळात तो बंगल्यात चोरासारखा चालतो, शेवटच्या रिळात धन्यासारखा. (आता रिळं नसतात, पण म्हणतात रीळच.) सासऱ्यांनी त्याच्यासाठी स्वतःचेच जुने तपकिरी बूट काढले होते. टाच जरा सैल, त्यामुळे दर पावलाला माणूस स्वतःचीच माफी मागतोय असं वाटायचं. आठातली पाच रिळं झाली. सहाव्याच्या दिवशी दुपारी ते घरी आले, खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले.

आठवड्याने स्टुडिओतून निरोप आला. बूट घेऊन या, उरलेली तीन रिळं तुम्ही करा, असं मुलाला. बूट घरीच होते. घाईत तो न घेताच पुढे गेला, म्हणून मागून ही ते पिशवीत घालून पोचवायला गेली.

नवऱ्याचा पाय बुटात जाईना. वडील चणीने लहान, हा आईवर गेलेला, थोराड. साबण लावून झाला, पावडर टाकून झाली, चमचा घालून झाला. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट शेवटी म्हणाला, "दुसरे बूट घाल."

त्याने घातले. चालला. रेकॉर्डिस्टने ऐकून मान हलवली. "वेळेवर पडतायत. पण आत माणूस नाही. नुसते बूट चालतायत. पाच रिळांना सहावं जुळायचं नाही."

"मग मेलेल्या माणसाला बोलवा," नवरा भडकून म्हणाला.

रेकॉर्डिस्टची नजर दाराशी उभ्या हिच्याकडे गेली. "वहिनी, तुमचा पाय जातो का बघा."

"मी? मला चालता येत नाही हो. म्हणजे, वाजत नाही."

"बघा तरी."

तिने दोन जोड मोजे घातले, बूट घातले, किल्ल्या काढून खुर्चीवर ठेवल्या. "कुणासारखं चालू?"

"पडद्यावरच्यासारखं."

"मला फक्त बाबांची चाल माहीत आहे."

ती लाकडाच्या चौकोनावर उभी राहिली. पडद्यावर कपबशीवाला दिवाणखान्यात शिरला. ती चालली.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढले. हिच्याकडे नाही, तो मागे दाराकडे बघत होता. कुणीतरी नेहमीसारखं आत आलं असावं तसा. मग हेडफोन परत घालून तो म्हणाला, "घेऊ या."

नवऱ्याने त्या दिवशी कपबश्या वाजवल्या. दोन फोडल्या.

तिला काय वाटलं म्हणाल, तर पहिल्यांदा भीती वाटली आणि लगेच लाज, कारण भीतीच्या खाली आनंद होता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या पायाखालून आवाज निघत होता. जाडजूड, ठाम, खोलीभर होणारा. ती दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी गेली. तिसऱ्या दिवशी अर्धा तास.

चौथ्या दिवशी रेकॉर्डिस्टने तिला आत बोलावलं. "वहिनी, हे ऐका. किती पावलं?"

तिने मोजली. "अकरा. आणि थांबले."

"पुढे ऐका."

अकरा पावलं. शांतता. मग, टप.

"हे मी नाही केलं," ती म्हणाली.

"सवयीने झालं असेल."

"माझा डावा पाय चांगला आहे. मी दोन्ही पायांवर थांबले होते. तुम्ही काचेतून बघत होतात ना?"

रेकॉर्डिस्ट तो तुकडा कापायला लागला. तेवढ्यात सदा घाईत असणारा दिग्दर्शक डोकावला, त्याने ते ऐकलं आणि टाळीच दिली. "राहू दे, राहू दे! काका मागे येऊन उभा राहिलाय असं वाटतं! लोक हसून लोळतील. सगळीकडे टाका."

"टाकायला नको," रेकॉर्डिस्ट पुटपुटला. "सगळीकडे आहेच."

त्या संध्याकाळी ती पिशवी खांद्याला लावून, स्वतःच्या चपला घालून जिना चढली. दार लोटलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "दोघं बरोबरच आलात?"

"मी एकटीच आहे आई. हे मागून येतायत."

"मुलाचं नाही म्हणत मी."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाय आखडून घेतले. खुर्चीसमोरून कुणी जायला वाट करून द्यावी तसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी न मागता पोटभर खाल्लं, सासरे गेल्यापासून पहिल्यांदा. शेजारीणबाई भेटायला आल्या तर त्यांना म्हणाल्या, "उद्या या हं. आता ते दमून आलेत." शेजारीणबाई चप्पल हातात घेऊनच जिना उतरल्या.

हिलाही सूक्ष्मसं काही होत होतं. फळवाल्याने मान वर न करता विचारलं, "साहेब, काय देऊ?" आणि वर बघून स्वतःच दचकला. डाव्या गुडघ्यात कळ यायला लागली. रविवारी दुपारी, घरात कुणी जागं नसताना, ती अनवाणी खोलीत उभी राहिली आणि आपलं ते जुनं, बिनआवाजाचं चालणं चालून बघायला गेली. पाऊल उचललं. कुठून टेकायचं ते आठवेना. टाच आधी पडली, ठक्क, आणि आतून सासूबाईंचा प्रसन्न आवाज आला, "झोपला नाहीत?"

ती आत गेली. खुर्चीजवळ बसली. "आई, मी आहे. बाबा नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"वेडी आहे का मी? ठाऊक आहे."

"मग ऑपरेशनला का नाही म्हणता?"

सासूबाईंनी तिचा चेहरा चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. "अगं, डोळे आले की खुर्चीपुढची जागा मोकळी दिसणार. दिसत नाही तोवर ते आहेत. हातचं सोडून पळत्याच्या मागे कोण लागेल या वयात?"

नवऱ्याला ती हे बोलली नाही. सोमवारी त्याला ते आईच्याच तोंडून कळलं, आणि तिथूनच ते भांडण पेटलं होतं.

"उद्या शेवटचं रीळ आहे," ती आता म्हणत होती. "ते झालं की बूट देऊन टाकू कुणाला तरी."

"देऊन काय होणार?" नवरा खाली बसला. राग एकदम उतरला, आणि त्याखालचं काहीतरी वेगळंच वर आलं. "तू ते आतच काढतेस ना? रोज?"

"काय?"

"बूट. खोलीच्या आतच काढतेस. आणि पिशवीत घालतेस."

"मग कुठे काढू?"

तो टेबलाच्या कडेवरचा ढलपा नखाने खरवडत राहिला. "बाबा आत कधीच काढायचे नाहीत. काम संपलं की त्याच बुटांनी, त्याच चालीने, दाराबाहेर पडायचे. कोपऱ्यापर्यंत जायचे. तिथे कट्ट्यावर बसून बूट काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर परत यायचे. पावसापाण्यातसुद्धा. म्हणायचे, ज्याला आत आणलं त्याला बाहेर नेऊन सोडायचं. नाहीतर तो राहतो. सगळे हसायचे त्यांना. मीही."

ती त्याच्यासमोर बसली. "हे तू मला आज सांगतोस?"

"मला वाटलं, आहे म्हाताऱ्याची तऱ्हा."

"खरं सांग."

"खरं..." त्याने मान खाली घातली. "अकरा वर्षं मी त्या खोलीत दारं लावली गं. माझा पाय गेला नाही बुटात आणि तुझा गेला. तुला सगळंच आयतं कशाला सांगू, असं वाटलं. एवढंच. एवढंसंच वाटलं होतं."

"आणि बाबा त्या दिवशी..."

"बूट घालूनच घरी आले. छातीत दुखत होतं. कुणाला सोडत बसणार कोपऱ्यावर? मीच काढले त्यांच्या पायातून. इथे, या खुर्चीपाशी."

आतून काही आवाज आला नाही. ते जास्त वाईट होतं. तिने पिशवीचं तोंड बंद करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

मंगळवारी शेवटचं रीळ झालं. कपबशीवाल्याला बंगला मिळाला, शिष्ट नोकरांनी त्याला वाकून नमस्कार केला, आणि तो काकाच्या बुटांत सबंध दिवाणखाना रुबाबात चालून गेला. दिग्दर्शक पोट धरून हसला. रेकॉर्डिस्टने तिला पुढच्या सिनेमाचं विचारलं. "वहिनी, आता ही खोली तुमचीच." ती हो म्हणाली. नवरा तिथेच होता. त्याने पहिल्यांदा तिच्यासाठी दार उघडून धरलं, पण बूट काढू नकोस असं काही तो म्हणाला नाही, कारण आता त्या दाराबाहेर नेऊन भागणार नव्हतं. ज्याला सोडायचं तो इथे नव्हताच. तो घरी होता.

बुधवारी दुपारी चार वाजता तिने बाहेरच्या खोलीत दोन जोड मोजे चढवले. बूट घातले. नाडी बांधताना नवरा हलकेच म्हणाला, "जमेल?"

ती मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली, ओळख पटवत असल्यासारखी. मग उठली. त्याने जिन्याचं दार उघडलं आणि ते धरून तो उभा राहिला.

बूट आत गेले. खुर्चीसमोर थांबले. डावा पाय मागून आला. टप.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "या. आज लवकर?" मग मान वाकडी करून त्या ऐकत राहिल्या, आणि हसू हळूहळू आवरलं. "बसायला नाही आलात. कळतंय मला. चाळीस वर्षं ऐकलीय, निघायची चाल वेगळी असते तुमची."

खोलीत ऊन होतं. फरशीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या. नवऱ्याने दारातून पाहिलं, गजांच्या सावल्यांवर बुटांचीही सावली होती, आणि बुटांच्या सावल्या किती आहेत ते मोजायचं त्याने टाळलं.

"ही मुलं म्हणतात, उद्या डोळे करून घे," सासूबाई म्हणाल्या. "मी काही ठरवत नाही. तुम्हीच ठरवा. थांबणार असाल, तर मी अशीच बसते, मला काही कमी नाही. जाणार असाल, तर उद्या जाईन मी त्या डॉक्टरकडे. बघेन काय दिसायचं ते."

बूट तसेच. नाडीचं एक टोक हललं. मग उजवी टाच फरशीवर फिरली आणि बूट दाराकडे वळले.

एक. दोन. तीन.

"अहो!"

सासूबाई उठल्या होत्या. भिंतीला हात लावून, दुसरा हात हवेत धरून. आवाज चाळीस वर्षांच्या संसारातला होता, बाजारात जाणाऱ्या माणसाला मागून काहीतरी आणायला सांगावं तसा.

"तुम्ही जा. माझी हरकत नाही. पण तिला नेऊ नका बरोबर. ती गरीब आहे, तोंडाने बोलायची नाही, नेलंत तर कुणाला कळणारसुद्धा नाही. कोपऱ्यावर बसलात की तिला परत पाठवाल ना? अहो... पाठवाल ना तिला?"

दार धरून उभ्या असलेल्या नवऱ्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ती समोर बघत होती, कामावर निघालेला माणूस बघतो तशी, घरातल्या कुणाकडेच न बघता. त्याने तिला हाक मारायला तोंड उघडलं.

बूट त्याच्यासमोरून उंबऱ्याबाहेर गेले आणि, डावा गुडघा जपत, एक एक पायरी जिना उतरू लागले.